नव्या घराच्या पुढच्या दारातून गार वारा येत असेल तर

ऑगस्टमध्ये घराच्या किल्ल्या हातात पडतात तेव्हा पुढच्या दाराकडे कुणी नीट बघत नाही. रंग आवडला, कुलूप लागतंय, बास. आमचंही तसंच झालं. कॅनडात, ओंटारिओतल्या मिल्टनमध्ये नवं बांधलेलं घर घेतलं, तोरण लावलं, पायरीवर रांगोळी काढली, आणि नोव्हेंबरपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग एका संध्याकाळी, बाहेर उणे १८ अंश असताना, लेक दाराजवळ बसून बूट काढत होती. ती म्हणाली, “आई, इथली जमीन फुंकर घालतेय.” हात लावून पाहिला. उंबरठ्याच्या कोपऱ्यातून अक्षरशः फुंकर यावी तसा वारा येत होता.

बिल्डरच्या माणसाला फोन केला तर उत्तर आलं, “नवं घर आहे, जरा सेटल होऊ द्या.” घर सेटल होतं हे खरं, पण त्यानं फट बुजत नाही, बहुतेकदा वाढतेच. पुढच्या दोन हिवाळ्यांत मी आमचं आणि ओळखीतल्या चार-पाच मराठी घरांचं दार हातानं तपासलं. प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट दिसली: दार चांगलं होतं, जुळवणी अर्धवट राहिली होती. ही जुळवणी घरच्या घरी होते. फक्त कामांचा क्रम चुकवू नका, कारण बहुतेक जण दुकानातून चिकटपट्टीचा फोम आणून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

आज रात्रीपुरती सोय

हे वाचताना वारा येतच असेल तर एखादी जुनी चादर किंवा गोधडी घट्ट गुंडाळा, दोरीनं बांधा आणि दाराच्या खालच्या फटीशी आतून लावून ठेवा. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे घाईत कुणी त्यावर अडखळणार नाही. ही सोय रात्रीपुरतीच. तेच बाहेर जायचं मुख्य दार असतं, आग लागली तर ते एका झटक्यात उघडलं पाहिजे.

वारा एवढ्या जोरात का येतो

आपल्याकडे पुण्यात किंवा नाशिकला दाराखाली बोटभर फट असली तरी डिसेंबरात फारसं बिघडत नाही, कारण घरातली आणि बाहेरची हवा जवळपास सारखीच असते. इथे आत २१ अंश आणि बाहेर उणे २० असतं. गरम हवा हलकी, ती जिन्यानं वर चढते आणि माळ्याच्या बारीक फटींतून बाहेर पडते. तिची जागा भरायला खालच्या मजल्यावरून गार हवा आत ओढली जाते, आणि खालच्या मजल्यावरची सगळ्यात सोपी वाट म्हणजे पुढचं दार. घर जितकं उंच आणि बाहेर जितकी थंडी, तितकी ही ओढ जास्त. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट, बाथरूमचे पंखे आणि कपड्यांचा ड्रायर एकदम चालू असतील तर तीही हवा बाहेरच फेकतात, म्हणजे दारावरची ओढ आणखी वाढते. नव्या वसाहतींत वारा अडवायला मोठी झाडं नसतात, समोर मोकळं शेत असतं, त्यामुळे बाहेरूनही मारा होतो.

दुसरं कारण लाकूड. भिंतींच्या सांगाड्यातलं लाकूड बसवताना थोडं ओलसर असतं. पहिल्या हिवाळ्यात फर्नेस (घर गरम ठेवणारी भट्टी) महिनोन्‌महिने चालतो, हवा कोरडी होते, लाकूड आकसतं आणि चौकट केसभर सरकते. ऑगस्टमध्ये घट्ट बसलेलं दार जानेवारीत सैल वाटतं ते यामुळे.

आधी फट शोधा

वाऱ्याचा, थंड दिवस निवडा. घरातले सगळे एक्झॉस्ट पंखे आणि ड्रायर लावा, बाकीची दारं-खिडक्या बंद करा. फर्नेसचा पंखा थोडा वेळ बंद ठेवा, नाहीतर त्याचा झोत आणि फटीतला वारा यांत गल्लत होते.

आता अगरबत्ती. यासाठी तिच्याइतकं नाजूक साधन दुसरं नाही. दाराच्या कडेपासून दोन बोटं अंतरावर धरून अगदी हळू फिरवा: बिजागऱ्यांची बाजू, वरची कड, कुलपाची बाजू, मग खालचे दोन कोपरे आणि उंबरठा. जिथे धुराची सरळ रेघ मोडते तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा. पडदे आणि जाड कोट दूर ठेवा, स्मोक अलार्मच्या अगदी खाली उभं राहू नका.

मग एक गोष्ट जरूर करा, जी बरेच जण विसरतात. चौकटीभोवतीची जी पांढरी सजावटीची पट्टी असते, ज्याला इथे ट्रिम म्हणतात, ती भिंतीला जिथे टेकते त्या रेषेवरूनही अगरबत्ती फिरवा. दार आणि चौकट यांच्यामधून येणारा वारा वेगळा आणि चौकट आणि भिंत यांच्यामधून येणारा वेगळा. दोन्हींवरचे उपाय पूर्णपणे निराळे आहेत. ओळखीतल्या एका घरी दारावर तीन प्रकारचे फोम लावून झाले होते आणि वारा ट्रिमच्या मागून येत होता.

पुढे कागदाची चाचणी. साध्या कागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापा, ती दारात धरून दार लावा आणि ओढा. थोडी अडत, घासत निघाली तर बरोबर. अलगद निघाली तर तिथे दार टेकतच नाही. फाटली तर गरजेपेक्षा जास्त दाब आहे. चारही बाजूंना दर फुटाला हे करा आणि कागदावर दाराचं चित्र काढून खुणा करा. रात्री एकानं बाहेरून टॉर्च मारायचा आणि दुसऱ्यानं आतले दिवे बंद करून बघायचं, हेही उपयोगी. फक्त उजेड दिसला नाही म्हणजे वारा नाही, असं समजू नका.

हत्यार उचलण्याआधी वॉरंटी

ओंटारिओत नव्या घराला कायद्यानं वॉरंटी असते आणि ती टॅरिऑन ही संस्था पाहते. ताबा मिळाल्यापासून पहिलं १ वर्ष कामातले आणि मालातले दोष, २ वर्षं इतर गोष्टींबरोबर बाहेरून पाणी झिरपण्याबद्दलचे दोष, आणि ७ वर्षं मोठे बांधकामाचे दोष, अशी ढोबळ विभागणी. दारातून वारा येणं हे पहिल्या वर्षात मांडायचं. टॅरिऑनच्या मायहोम पोर्टलवर फॉर्म भरायचे असतात. सुरुवातीचा एक असतो आणि वर्ष संपता संपता भरायचा एक असतो. मुदती काटेकोर असतात, तुमच्या घराच्या तारखा पोर्टलवर दिसतात. त्या आजच फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. ब्रिटिश कोलंबियात हीच मांडणी २-५-१० वर्षांची आहे, अल्बर्टात १-२-५-१०. अमेरिकेत राज्याराज्यांत आणि करारागणिक फरक पडतो, तेव्हा करार उघडून बघा.

एक गोष्ट मनापासून सांगते. पहिल्या वर्षात हिवाळा एकदाच येतो. एप्रिलमध्ये ताबा मिळाला असेल तर वर्षअखेरचा फॉर्म भरायच्या वेळी थंडी ओसरत आलेली असते आणि दाराची आठवणही राहत नाही. म्हणून जानेवारीतच पुरावा गोळा करा: अगरबत्तीचा धूर वाकतोय असा व्हिडिओ, त्या वेळचं बाहेरचं तापमान, कागदाच्या चाचणीचं चित्र. कॅनडातली काही सार्वजनिक ग्रंथालयं थर्मल कॅमेरा (गार-गरम जागा रंगांत दाखवणारा) उसना देतात, मिळाला तर उत्तम. फॉर्ममध्ये “दार खराब आहे” एवढंच न लिहिता “पुढच्या दाराच्या कुलपाकडच्या खालच्या कोपऱ्यातून आणि वरच्या कडेनं वारा येतो, कागद अडत नाही” असं नेमकं लिहा. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल पाठवा.

बिल्डरचा माणूस येईपर्यंत तुम्ही काय करू शकता? स्क्रू आवळणं, उंबरठा वर-खाली करणं, वेदरस्ट्रिप (चौकटीवरची मऊ पट्टी) बदलणं ही कामं परत पूर्ववत करता येतात, ती मी बिनधास्त करते. ट्रिम काढणं, चौकटीमागे फोम मारणं, दार तासणं हे वॉरंटीच्या काळात स्वतः करू नका. नंतर “हे तुम्हीच केलंत” असं ऐकावं लागेल.

जुळवणी, याच क्रमानं

पहिलं काम कुलपाचं. दार नुसतं लॅचवर (मूठ फिरवली की आत जाणाऱ्या खटक्यावर) लावा आणि आतून तळहातानं बाहेरच्या दिशेनं दाबा. दार किंचित हललं तर ते वेदरस्ट्रिपवर दाबून बसतच नाही. डेडबोल्ट (किल्लीनं फिरणारी वेगळी कडी) लावताना दार दाबावं किंवा ओढावं लागत असेल तरी जुळवणीतच खोट आहे. चौकटीवर लॅच ज्यात शिरतो त्या धातूच्या पट्टीला स्ट्राइक प्लेट म्हणतात. बऱ्याच प्लेटांच्या भोकात एक छोटी जीभ असते. आत उघडणाऱ्या दाराला ती बाहेरच्या बाजूला, म्हणजे वेदरस्ट्रिपकडे, पक्कडीनं किंचित वाकवली की दार तेवढं घट्ट ओढलं जातं. एक मिलिमीटर पुष्कळ झाला. जीभ नसेल तर प्लेट काढून तेवढीच बाहेर सरकवायची. जुन्या भोकात लाकडी टूथपिक गोंद लावून ठोकायच्या, वाळल्यावर कापायच्या, मग नवा स्क्रू मारायचा. आमचा वरच्या अर्ध्या दारातला वारा एवढ्यानंच थांबला. एक पैसा लागला नाही.

दुसरं, बिजागऱ्या. दार बंद करून आतून दार आणि चौकट यांच्यातली फट बघा. ती सगळीकडे साधारण ३ मिलिमीटर, एकसारखी असायला हवी. बिजागरीच्या बाजूला वर जास्त आणि कुलपाच्या बाजूला वर जवळजवळ शून्य दिसत असेल तर दार स्वतःच्या वजनानं झुकलंय. आधी सगळे स्क्रू हातानं आवळा. कितीतरी नव्या घरांत ते सैल सापडतात. तरी फरक पडला नाही तर वरच्या बिजागरीचा चौकटीकडचा एक आखूड स्क्रू काढून तिथे ३ इंची स्क्रू मारा. तो चौकट ओलांडून भिंतीतल्या मुख्य लाकडात शिरतो आणि दार वर उचलतो. पाव-पाव फेरा द्या, दर वेळी फट बघा. जास्त आवळलं तर चौकटच वाकते.

इथे नवख्यांना एक धक्का बसतो. भारतातून आणलेला चपटा किंवा फुलीचा पेचकस बऱ्याच स्क्रूंना लागत नाही, कारण कॅनडात चौकोनी खाचेचा रॉबर्टसन स्क्रू चालतो. पी. एल. रॉबर्टसन यांनी १९०८ मध्ये आमच्याच मिल्टनमध्ये त्याचा कारखाना काढला, हे कळल्यावर मला उगाच आपलेपणा वाटला. घरकामाला लाल मुठीचा, म्हणजे २ नंबरचा, बहुतेक ठिकाणी पुरतो.

तिसरं, वेदरस्ट्रिप. चौकटीच्या दोन बाजूंना आणि वर जी मऊ पट्टी असते ती आत फोम आणि वर पातळ आवरण अशी असते, आणि तिचा पातळ काठ चौकटीतल्या खाचेत नुसता दाबून बसवलेला असतो. नव्या घरात तिची दोन कारणांनी वाट लागते: रंगारी तिच्यावर रंग उडवतात आणि ती कडक होते, नाहीतर सोफा आत घेताना फाटते. बोटानं दाबून सोडा. लगेच फुगली तर ठीक, चपटीच राहिली तर बदला. एका टोकाला धरून ओढली की निघते. तिचा तुकडा हार्डवेअरच्या दुकानात घेऊन जा आणि तसाच आकार मागा, नजरेच्या अंदाजानं आणू नका. खाच पुसून घ्या, नवी पट्टी वरून खाली अंगठ्यानं दाबत बसवा, आणि कोपऱ्यात दोन पट्ट्या एकमेकींना नीट भिडतील अशा कापा. चिकटपट्टीचा फोम शक्यतो टाळा. गार पत्र्यावर तो धरत नाही, आणि एका हिवाळ्यात लोंबायला लागतो.

चौथं काम सगळ्यात छोटं आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त राहून गेलेलं: खालच्या कोपऱ्यांतले फोमचे तुकडे. उभी वेदरस्ट्रिप जिथे संपते आणि उंबरठा जिथे सुरू होतो तिथे एक मोकळा त्रिकोण राहतो. तो बुजवायला पाचरीच्या आकाराचा छोटा पॅड येतो, मागे चिकट. कॉर्नर पॅड म्हणून मागा, काही डॉलरांत जोडी मिळते. आमच्या घरी तो दोन्ही बाजूंना लावलेलाच नव्हता. लेकीच्या पायाला लागणारी फुंकर तिथूनच येत होती. जागा रबिंग अल्कोहोलनं पुसा, पूर्ण वाळू द्या, घर उबदार असताना चिकटवा आणि तासभर दार उघडू नका.

पाचवं, उंबरठा. इथला उंबरठा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यावरची लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी वर-खाली होते. तिच्यात ओळीनं चार-पाच स्क्रू असतात, कधी छोट्या बुचांखाली लपलेले. कागद जिथे सैल निघतो तिथला स्क्रू पाव फेरा फिरवा आणि पट्टी वर आली की खाली गेली ते बघा, म्हणजे दिशा कळेल. सगळे स्क्रू थोडे थोडे, सारखे फिरवा. कागद घासत निघू लागला की थांबा. जोरात वर केलात तर दार लागणं जड होतं आणि खालची रबरी झालर दोन महिन्यांत फाटते.

ती झालर म्हणजे डोअर स्वीप. तिच्या पात्या दुमडल्या, फाटल्या असतील तर ती बदलावी लागते. काही स्वीप दाराच्या आतल्या अंगाला स्क्रूनं बसतात, ते सोपे. पण बरेचसे दाराच्या तळाला खाचेत बसवलेले असतात आणि त्यासाठी दार काढावं लागतं. हे काम दोघांनी करा. दार जड असतं. खालच्या बिजागरीची पिन आधी, वरची शेवटी. आणि असा दिवस निवडा की अर्धा तास घर उघडं राहिलं तरी चालेल.

वारा चौकटीमागून येत असेल तर

इथे बहुतेक वेळा चौकट आणि भिंत यांच्यामधली पोकळी रिकामी असते, किंवा तिच्यात काचतंतूचा कापूस नुसता कोंबलेला असतो. तो उष्णता अडवतो, वारा अडवत नाही. वॉरंटी असेल तर हे काम बिल्डरकडूनच करून घ्या. ती संपली असेल तर ट्रिमच्या कडेची रंगाची रेघ धारदार कटरनं कापा, पातळ पट्टीनं ट्रिम हळूच उचकटा आणि पोकळीत खिडक्या-दारांसाठीचा कमी फुगणारा फोम भरा. डब्यावर तसं लिहिलेलं असतं. मोठ्या फटींचा साधा फोम आणू नका, तो फुगताना चौकट आत ढकलतो आणि मग दारच लागत नाही. फोम थोडा थोडा, दोन खेपांत भरा.

ट्रिमच्या कडेनं नुसतं कॉकिंग (फटी बुजवायची ट्यूबमधली पेस्ट) लावलं तरी आतली झुळूक कमी होते. बाहेरचं कॉकिंग मात्र गारठ्यात धरत नाही. ट्यूबवर किमान तापमान दिलेलं असतं, बाहेर तेवढी ऊब येईपर्यंत थांबा. आणि विटांच्या भिंतीत खालच्या थरात मधूनमधून उभ्या मोकळ्या फटी दिसतात त्या बुजवू नका! त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, विटांमागे गेलेलं पाणी तिथून बाहेर पडतं.

वारा नाही, तरी दार गार

अगरबत्ती स्थिर आहे, कागद घासतोय, आणि तरी डेडबोल्टवर आतून बर्फाचे कण दिसतात. हा वारा नव्हे. धातू बाहेरची थंडी आत आणतो आणि घरातली वाफ त्याच्यावर गोठते. आपल्या घरांत कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, आत वाळत घातलेले कपडे यांमुळे दमटपणा लवकर वाढतो. बाहेर उणे २० असेल तेव्हा घरातली आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास ठेवा. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावा आणि हवा बदलणारं एचआरव्ही यंत्र बंद करून ठेवू नका. वारा येतो म्हणून कुणी ते बंद करतं, मग खिडक्यांवर पाणी साचतं.

बाहेर काचेचं दुसरं दार लावावं असंही सुचवलं जाईल. पुढचं दार दक्षिणेला किंवा पश्चिमेला, थेट उन्हात असेल तर दोन दारांमध्ये इतकी उष्णता कोंडते की दारावरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वाकतात. दार बनवणाऱ्याच्या सूचना आधी वाचा.

घरातून गॅरेजमध्ये जाणाऱ्या दारालाही हीच अगरबत्ती दाखवा, आणि ते काम सगळ्यात आधी करा. तिथे प्रश्न गारठ्याचा नाही, गाडीच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा आहे. ते दार वेदरस्ट्रिप लावून घट्ट बंद होणारं आणि आपोआप मिटणारं असावं असा नियमच आहे. आपोआप मिटत नसेल तर त्याच दिवशी लेखी कळवा. सामान आत-बाहेर करताना त्याला वीट लावून ठेवायची सवय असेल तर ती मोडा.

तोरणाबद्दल

तोरणाचा दोरा चौकटीच्या वरच्या कडेवरून आत नेऊन खिळ्याला बांधला, की तेवढ्या दोऱ्यानं आणि जाड काठानं दार वेदरस्ट्रिपपासून दूर राहतं. आमच्या दाराची वरची कड कागदाच्या चाचणीत का नापास होते हे मला दोन दिवस कळलं नव्हतं. मग दिवाळीचं तोरण उतरवलं आणि कागद अडकला. आता आम्ही ते बाहेरच्या ट्रिमवर, दार जिथे टेकतं त्याच्या बाहेर, दोन चिकट हुकांवर लावतो. रांगोळीची पूडही उंबरठ्यापासून वीतभर लांब ठेवतो, कारण ती आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ मिळून डोअर स्वीप खरवडून काढतात. दर ऑक्टोबरच्या शेवटी ओल्या फडक्यानं उंबरठा आणि वेदरस्ट्रिप पुसायची, कागदाची पट्टी एकदा फिरवायची, आणि लागलंच तर पाव फेरा.